न बोलणाऱ्या मुलांचा डेल्टा: अँजेलमन सिंड्रोममधील ईईजी-मोजणीचे एक प्रकरण

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या ओव्हिड थेराप्युटिक्स या कंपनीने तिसऱ्या टप्प्यातल्या एका औषध-चाचणीचा निकाल जाहीर केला. आजार होता अँजेलमन सिंड्रोम, मुलाचे बोलणे हिरावणारा एक जनुकीय आजार, आणि औषध गॅबोक्साडॉल. औषध घेणाऱ्या मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. पण नुसते निष्क्रिय औषध, म्हणजे प्लासिबो, घेणाऱ्या मुलांमध्येही जवळजवळ तेवढीच दिसली. पालकांशी बोलायचे, मुलाला पाहायचे आणि त्याची अवस्था आधीपेक्षा किती बरी किंवा वाईट आहे ते सात पायऱ्यांच्या मोजपट्टीवर डॉक्टरांनी नोंदवायचे, अशी पद्धत होती. त्या मोजपट्टीवर दोन गटांत फरक निघाला नाही आणि या आजारापुरता त्या औषधाचा प्रवास तिथेच थांबला.

यात कोणी खोटे बोलले नव्हते. ज्या घरातले मूल चार-पाच वर्षांचे होऊनही एक शब्द बोलत नाही, त्या घराला पहिल्यांदा औषधाची आशा मिळते तेव्हा आई-बाबा मुलाकडे अधिक बारकाईने बघू लागतात. आधी निसटलेल्या गोष्टी नजरेत येतात. शिवाय आजार असला तरी मूल वाढतच असते, काही महिन्यांत ते काहीतरी नवे शिकतेच. हे सगळे त्या सात पायऱ्यांत मिसळते. त्याआधीची, किशोरवयीन आणि प्रौढांवर झालेली दुसऱ्या टप्प्यातली चाचणी याच प्रकारच्या मोजपट्टीवर आशादायक वाटली होती. मूल स्वतः सांगू शकत नाही आणि सांगणाऱ्यांच्या डोळ्यांत आशा आहे, अशा ठिकाणी औषधाचा परिणाम मोजायचा तरी कशाने?

मेंदूच्या विजेची मोजणी, म्हणजे ईईजी, हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. ते अर्धेच आहे, तरी मला फार मोलाचे वाटते. कोणत्या अर्ध्यावर विसंबायचे आणि कोणत्या नाही, हे अँजेलमनच्या प्रकरणात जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कुठल्या जनुकीय आजारात क्वचितच दिसत असेल.

आजार आणि जनुक

हॅरी अँजेलमन हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ. १९६५ मध्ये त्यांनी तीन मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. बोलणे नाही, चाल अडखळती आणि ताठर, डोके लहान, आकडी येते, आणि मूल सारखे हसरे. इटलीत व्हेरोना इथल्या संग्रहालयात एका हसऱ्या मुलाचे चित्र पाहून या तिघांवर लिहायचे मनात आले, असे त्यांनी स्वतः सांगितले होते. त्यांनी आजाराला दिलेले नाव पालकांना बोचणारे होते. १९८२ नंतर त्यांच्याच आडनावाने आजार ओळखला जाऊ लागला. साधारण १५ हजार जन्मांमागे एक, असा त्याचा अंदाज दिला जातो.

दोष पंधराव्या गुणसूत्रावर असतो. तिथल्या यूबीई३ए या जनुकाचा आजाराशी संबंध १९९७ मध्ये सिद्ध झाला. या जनुकाची गंमत अशी की मेंदूच्या चेतापेशींमध्ये फक्त आईकडून आलेली प्रत चालू असते. वडिलांकडची असते, पण गप्प केलेली असते. त्यामुळे आईकडची प्रत गेली की पेशीकडे काहीच उरत नाही. सुमारे ७० टक्के रुग्णांत आईकडच्या गुणसूत्राचा त्या भागातला मोठा तुकडाच गळालेला असतो. उरलेल्यांपैकी काहींमध्ये फक्त यूबीई३एमध्ये बिघाड असतो, काहींना दोन्ही गुणसूत्रे वडिलांकडूनच आलेली असतात, तर काहींमध्ये प्रत चालू-बंद करणारी खूणच चुकलेली असते. तुकडा गळालेली मुले आणि इतर मुले यांच्यातला फरक पुढे ईईजीत महत्त्वाचा ठरला.

नजरेने ओळखण्यापासून आकड्यापर्यंत

१९८८ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले स्ट्युअर्ट बॉइड आणि सहकाऱ्यांनी या मुलांच्या ईईजीतले तीन नमुने नोंदवले. पहिला नमुना म्हणजे कपाळाकडच्या भागात सेकंदाला दोन-तीन वेळा उठणाऱ्या मोठ्या संथ लहरी. दुसरा, सेकंदाला चार ते सहा आवर्तनांची, डोकेभर पसरलेली आणि हटता न हटणारी लय. तिसरा, डोक्याच्या मागच्या भागात टोकदार लहरींबरोबर मिसळलेल्या संथ लहरी. डोळे मिटले की त्या अधिक उठून दिसतात. या लहरींची उंची अनेकदा २०० मायक्रोव्होल्टच्या वर जाते. जाग्या मुलाच्या नेहमीच्या ईईजीत एवढी उंची अपेक्षित नसते.

ही नोंद व्यवहारात फार कामाची ठरली. आकडी सुरू होण्याआधी, चेहरेपट्टी आणि चाल यांतून आजार ओळखू येण्याआधीही हा नमुना दिसू शकतो. सव्वा-दीड वर्षाचे मूल बसायला उशीर करते आहे, हातपाय थरथरतात, कोणी ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणून कागदावर लिहून मोकळे झाले आहे, अशा वेळी ईईजी वाचणाऱ्याच्या डोक्यात घंटा वाजली तर तो मिथिलेशन तपासणी, म्हणजे प्रत चालू-बंद करणाऱ्या खुणेची तपासणी, सुचवतो. सुमारे ८० टक्के रुग्णांचे निदान त्या एका तपासणीत होते. बाकीच्यांसाठी जनुकाचे वाचन करावे लागते. निदान वेळेवर झाले तर कार्बामाझेपिनसारखी, या मुलांमध्ये आकडी वाढवू शकणारी औषधेही टाळता येतात.

पण नमुना ‘दिसतो’ की ‘दिसत नाही’ एवढ्यावर औषधाची परीक्षा होत नाही. तिथे ‘किती’ हे लागते. २०१७ मध्ये अमेरिकेत मायकेल सिडोरोव्ह, बेन फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी ही पायरी ओलांडली. रुग्णालयात आधीच काढून ठेवलेले मुलांचे ईईजी त्यांनी घेतले आणि प्रत्येक वारंवारितेत किती ऊर्जा आहे ते गणिताने मोजले. सेकंदाला दोन ते चार आवर्तनांच्या पट्ट्यात, म्हणजे डेल्टात, अँजेलमनची मुले इतर मुलांपासून स्पष्ट वेगळी निघाली. जागेपणी आणि झोपेतही, आणि डोक्याच्या एकाच कोपऱ्यात नव्हे, सगळीकडे. यूबीई३ए बंद केलेल्या उंदरांमध्येही वाढलेला डेल्टा सापडला. औषध शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट मोठी आहे. उंदराला प्रश्नावली देता येत नाही आणि न बोलणाऱ्या मुलाची बोलण्याची चाचणी घेता येत नाही. मात्र एकच राशी दोघांमध्ये मोजता येते.

उंदरांवरच्या २०१६ च्या एका प्रयोगाने याचे मूळही थोडे उकलले. मेंदूत चेतना वाढवणाऱ्या आणि लगाम घालणाऱ्या, अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. लगाम घालणाऱ्या, त्यासाठी गॅबा हे रसायन वापरणाऱ्या पेशींमधूनच फक्त यूबीई३ए काढून टाकले तरी डेल्टा वाढला आणि झटक्यांची शक्यताही वाढली. चेतना वाढवणाऱ्या पेशींमधून काढल्यावर तसे झाले नाही. म्हणजे डेल्टा ही आजाराबरोबर योगायोगाने आलेली खूण नसून विशिष्ट पेशींमधल्या विशिष्ट उणिवेशी जोडलेली आहे.

इलेक्ट्रोडची टोपी घालण्याआधीचा अर्धा तास

आकडा संगणकातून बाहेर पडतो तेव्हा तो फार स्वच्छ दिसतो. तो कसा मिळतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मात्र ठाऊक असते की मोजणीचे यश-अपयश बरेचसे त्या खोलीत ठरते.

अँजेलमनचे मूल स्वस्थ बसत नाही. ते हसत-हसत समोरच्याचे केस धरते, हाताला येईल ते तोंडात घालते, डोक्याला काही चिकटवलेले क्षणभर सहन करत नाही. अशा मुलाच्या टाळूवर वीसेक इलेक्ट्रोड लावायचे. आपल्याकडे आदल्या दिवशीच सांगावे लागते, ‘डोके धुऊन आणा, तेल लावू नका’; तरी सवयीने तेल लागलेले असते आणि मग इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यातला विद्युत-अडथळा काही केल्या कमी होत नाही. आजी-मावशी मांडीवर घेऊन बसतात, मोबाइलवर गाणी लागतात, तंत्रज्ञ बाई एका हाताने पेस्ट लावत दुसऱ्या हाताने मुलाचा हात धरून असतात. या बायकांच्या हातोटीवर किती संशोधन उभे आहे, हे शोधनिबंधांत कुठेच लिहिलेले नसते.

आणि नेमकी अडचण अशी की जो पट्टा मोजायचा, त्याच पट्ट्यात सगळा कचरा येतो. डोळ्यांची उघडझाप कपाळाकडच्या इलेक्ट्रोडवर संथ, मोठी लहर उमटवते. मुलाने मान डोलावली, पुढे-मागे झुलले, घाम आला, तार हलली, की सगळे सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तनांत जमा होते. चघळण्याने स्नायूंची वीज मिसळते, ती वेगवान पट्ट्यांत. मोजमापात लहरीच्या उंचीचा वर्ग होतो; उंची दुप्पट झाली तर ऊर्जा चौपट. त्यामुळे न वगळलेले हालचालीचे थोडेसे तुकडेही सगळी बेरीज फिरवून टाकतात. अशा वेळी व्हिडिओ समोर ठेवून, एकेक तुकडा पाहून वगळण्याला पर्याय नाही. मला तरी नुसत्या यंत्राच्या चाळणीवर विश्वास ठेवून चालेल असे वाटत नाही, कारण यंत्राला कचरा वाटणारी मोठी संथ लहर या आजारात खरा संकेतही असू शकते.

मग झोपवून ईईजी काढावा का? आपल्याकडे ट्रायक्लोफॉसचे सरबत देऊन ईईजी काढण्याची पद्धत सर्रास आहे आणि आकडीच्या तपासणीसाठी ती उपयोगीही पडते. मात्र डेल्टा मोजायचा असेल तर झोप स्वतःच मोठा डेल्टा आणते, निरोगी मुलातही. एका भेटीत मूल जागे, दुसऱ्या भेटीत झोपलेले, असे झाले तर तुलनाच उरत नाही. आकडीसाठी चालू असलेल्या औषधांचेही तसेच. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम या गटातली औषधे वेगवान बीटा लहरी वाढवतात. दोन मोजण्यांच्या मध्ये अशा औषधाचा डोस बदलला तर आलेखातला बदल आजारातला की औषधाचा, हे सांगता येत नाही. वयाचीही गाठ आहेच. प्रत्येक मुलाचा डेल्टा वाढत्या वयाबरोबर उतरत जातो. म्हणून वर्षभर औषध देऊन डेल्टा उतरला एवढे दाखवणे पुरेसे नाही, त्या वयात तो औषधाविना किती उतरला असता ते माहीत हवे. यासाठीच अमेरिकेत या मुलांच्या वर्षानुवर्षे होणाऱ्या नोंदींचा प्रकल्प मोलाचा ठरला. कोणतेही औषध न देता, फक्त मुले कशी वाढतात हे तिथे बघितले गेले आणि त्यात ईईजीही होते.

एकच गुणसूत्र, दोन उलटे आलेख

२०१९ मध्ये जोएल फ्रोलिक आणि सहकाऱ्यांनी तुकडा गळालेली मुले आणि इतर कारणांनी अँजेलमन झालेली मुले वेगळी काढून पाहिली. डेल्टा दोन्ही गटांत वाढलेला होता. पण त्याच्या वरच्या थीटा पट्ट्यात गळालेल्या तुकड्याची मुले दुसऱ्या गटापेक्षा बरीच पुढे होती. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. त्या तुकड्यात यूबीई३एच्या शेजारी गॅबाच्या ग्राहकाचे (पेशीवर गॅबा जिथे जोडले जाते त्या रिसेप्टरचे) भाग बनवणारी तीन जनुकेही असतात आणि तुकडा गेला की त्यांची एक-एक प्रत जाते.

याच भागाची जादा प्रत असलेल्या मुलांचा एक वेगळा आजार आहे, त्याला डुप१५क्यू म्हणतात. त्यांच्या ईईजीत डेल्टा नव्हे, तर बीटा लहरी ठळकपणे वाढलेल्या असतात. एखाद्याला क्लोबाझामसारखे बेन्झोडायझेपिन गटाचे औषध दिल्यावर ईईजी जसा दिसतो तसाच काहीसा तो दिसतो, मूल असे औषध घेत नसले तरी. बेन्झोडायझेपिन काम करते ते गॅबाच्या ग्राहकावरच. जनुक कमी-जास्त झाल्याची सही टाळूवरून वाचता यावी, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

याचा परिणाम असा की सगळ्या अँजेलमन मुलांसाठी एकच ‘सरासरी’ आलेख धरून चालत नाही. चाचणीत कोणत्या गटाची किती मुले आहेत हे माहीत नसेल तर थीटाचा आकडा निरर्थक ठरतो. इतर आजारांच्या वाटा आणखी वेगळ्या: फ्रॅजाइल एक्समध्ये विश्रांतीच्या वेळच्या वेगवान गॅमा लहरी वाढलेल्या आढळतात. प्रत्येक जनुकाला आपली मोजपट्टी लागते.

जागे मूल, झोपेचा आलेख

या प्रकरणातला मला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग इथे आहे. वैद्यकीय शिक्षणात आपण शिकतो की डोकेभर पसरलेला, उंच, संथ डेल्टा म्हणजे गाढ झोप, भूल किंवा कोमा. थोडक्यात, शुद्ध हरपलेली. आणि इथे एक मूल डोळे उघडे ठेवून हसते आहे, बादलीतल्या पाण्यात हात घालायला धावते आहे, आईला बघून टाळ्या वाजवते आहे, आणि त्याचा आलेख मात्र गाढ झोपेसारखा.

२०२० मध्ये फ्रोलिक आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. जागेपणी आणि झोपेत अशा दोन्ही वेळच्या नोंदींत त्यांनी संकेत किती गुंतागुंतीचा आहे हे मोजले. डेल्टा जागेपणीही प्रचंड होता. गुंतागुंत मात्र जागेपणी झोपेपेक्षा जास्त होती, जशी ती शुद्धीवरच्या मेंदूत असायला हवी. म्हणजे नुसती डेल्टाची उंची पाहून ‘हा मेंदू जागा नाही’ असे म्हणता येत नाही. कोमातल्या रुग्णाच्या आलेखाकडे बघणाऱ्यांनीही ही गोष्ट लक्षात ठेवावी, इतकी ती दूरवर जाते.

आणि आपल्या प्रश्नासाठी तर ती थेट इशारा आहे. डेल्टा जास्त म्हणजे मूल तेवढेच ‘कमी’ असे गणित मांडता येत नाही. २०२१ च्या एका अभ्यासात डेल्टा आणि मुलांची विकासचाचणी यांची सांगड घातली गेली. डेल्टा जितका जास्त, तितके बेली चाचणीवरचे आकलनाचे गुण कमी, असा संबंध निघाला. संबंध आहे हे महत्त्वाचे आहे, त्याशिवाय ही मोजणी नुसती कुतूहलाची बाब राहिली असती. पण संबंध असणे वेगळे आणि एक उतरवला की दुसरे चढेल हे वेगळे.

वडिलांकडची प्रत जागवताना

गॅबोक्साडॉल लक्षणाच्या पातळीवर काम करणारे औषध होते. त्यानंतरची औषधे थेट मुळाला हात घालतात. वडिलांकडची यूबीई३ए प्रत तिच्या उलट दिशेने तयार होणाऱ्या एका आरएनए रेणूमुळे गप्प असते. तो आरएनए तोडला तर प्रत बोलू लागते, हे २०१५ मध्ये उंदरांत दाखवले गेले. त्या कल्पनेवरची औषधे पाठीच्या कण्यातून सुईने द्यावी लागतात. २०२० मध्ये मुलांवर चाचण्या सुरू झाल्या आणि लगेच धोकाही दिसला: जीटीएक्स-१०२ या औषधाच्या पहिल्या पाचही रुग्णांच्या पायांत काही काळ अशक्तपणा आला. तो पुढे भरून आला, पण चाचणी थांबवून डोस आणि देण्याची पद्धत बदलावी लागली.

रोश कंपनीच्या रुगोनरसेन या औषधाच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत ईईजीला मानाचे स्थान होते. औषधानंतर डेल्टा निरोगी मुलांच्या दिशेने सरकला. माझ्या मते ही या सगळ्या प्रवासातली मोठी घटना आहे: औषध मेंदूत पोचले आणि तिथे त्याने काहीतरी हलवले, याचा पालकांच्या आशेशी संबंध नसलेला पुरावा मिळाला. तरीही रोशने ते औषध स्वतः पुढे न्यायचे नाही असे ठरवले. केवळ आलेख सुधारला एवढ्यावरून औषध पुढे नेले गेले नाही, आणि मला हे योग्यच वाटते.

कारण डेल्टा दोन प्रश्नांची उत्तरे उत्तम देतो. औषध लक्ष्यापर्यंत पोचले का? आणि कोणत्या डोसला? सुई कण्यात घालावी लागते अशा उपचारात, चार डोसांपैकी कोणता पुरेसा हे लवकर कळणे म्हणजे मुलांना अकारण टोचणे वाचवणे. तिसरा प्रश्न, मुलाचे जगणे सोपे झाले का, डेल्टाच्या आवाक्याबाहेरचा आहे. रात्री सलग किती तास झोपले, पाणी हवे हे खुणेने सांगितले का, आकडी किती वेळा आली, आई कामाला जाऊ शकली का, याचे उत्तर टाळूवरच्या विजेत सापडत नाही. जीटीएक्स-१०२ ची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२४ च्या अखेरीस सुरू झाली. तिचा मुख्य निकष ईईजी नसून बेली चाचणीवरचे आकलनाचे गुण आहे, आणि तुलनेसाठीच्या गटात औषध न देता खोटी प्रक्रिया केली जाते. २०२० च्या धड्यानंतर ही काटेकोरता ठेवणे भागच होते.

इथल्या खोल्यांसाठी

यातल्या चाचण्या परदेशात झाल्या. पण अँजेलमनची मुले पुण्या-मुंबईतही जन्माला येतात आणि त्यांचे ईईजी इथेही निघतात. त्या ईईजीचे पुढे काय होते, याबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. बहुतेक वेळा पालकांच्या हातात अहवालाचा एक कागद आणि आलेखाची निवडक पाने येतात. त्यावरून नमुना ओळखता येईल, डेल्टा मोजता येणार नाही. मोजायला मूळ डिजिटल नोंद लागते, आणि जागा कमी पडली की ती पुसली जाऊ शकते.

ईईजीची नोंद कोणत्याही यंत्रावर उघडावी म्हणून १९९२ पासून ईडीएफ नावाचा खुला साचा आहे. बहुतेक यंत्रे त्या साच्यात फाइल काढून देतात. पालकांनी ती फाइल व्हिडिओसह मागून घ्यावी. मागणे गैर नाही. आणि तंत्रज्ञांनी तिच्यासोबत थोडे लिहून ठेवावे: मूल केव्हा जागे होते आणि केव्हा झोपले, झोपेचे औषध दिले का, कोणते आणि किती, आकडीची कोणती औषधे चालू आहेत आणि शेवटचा डोस किती वाजता झाला, शेवटची आकडी कधी आली, आणि जनुक-तपासणी झाली असल्यास नेमका कोणता प्रकार निघाला. दोन वर्षांनी त्याच मुलाचा ईईजी पुन्हा निघेल तेव्हा तो शक्यतो त्याच वेळेला, त्याच अवस्थेत, त्याच प्रयोगशाळेत काढावा.

उद्या इथल्या मुलांसाठी एखादे औषध उपलब्ध झाले, तर ‘आधी’चा आलेख मागे जाऊन काढता येणार नाही. तो आज ज्यांच्या हातात आहे त्यांनी जपून ठेवला तरच असेल.